विहिरीतली पोच

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. विहिरींचे तळ दिसू लागले, लोकांची तोंडं उतरली, आणि या एका घरात मात्र माळ्यावरचे दोर खाली निघाले. आटलेल्या विहिरींतला गाळ काढून देणं हा या घराचा धंदा. दुसऱ्याचं पाणी आटलं की यांची चूल पेटते. हे चारचौघांत बरं दिसत नाही, हे घरात सगळ्यांनाच कळत होतं. म्हणून या दिवसांत बाप रस्त्याने जाताना फारसा हसत नसे. अंगणात दोर तपासताना मात्र त्याची शीळ थांबत नसे.

बाप तळाशी उतरायचा. पहारीने गाळ फोडायचा, फावड्याने बादलीत भरायचा. वर दोरावर काका आणि आई. दोर कप्पीवरून येई, तो धरून दोघं विहिरीपासून लांब चालत जात, की बादली वर येई. मग आई धावत येऊन ती कठड्यावरून ओढून घेई आणि ढिगावर उलटी करी. अशी वर्षानुवर्षं चाललेली घडी त्या साली विस्कटली, कारण काकाचा खांदा निखळला. तोही विहिरीवर नाही. जन्मभर खोल विहिरींच्या काठावर उभा राहिलेला माणूस झोपेत खाटेवरून पडला. ओळखीपाळखीचे लोक मुद्दाम घरी येऊन विचारून जात, की खाट किती हात खोल होती.

काकाचा हात गळ्यात आला आणि दोर मुलीच्या हातात. मुलीला घरीदारी शिडी म्हणत. उंच, हाडकुळी, हातपाय लांबच लांब; विहिरीवाल्यांच्या घरात शिडी जन्माला आली असं काकानेच ती लहान असताना म्हटलं होतं, ते चिकटलं.

शिडीला सुट्टी होती, पण सुट्टीच्या दुसऱ्या टोकाला परीक्षा बसली होती. पुढच्या इयत्तेपासून शाळेत विज्ञानाची एक वेगळी तुकडी होती आणि तिथे सगळं इंग्रजीतून. जमिनीखाली पाणी कुठून येतं, कुठे जातं, एका विहिरीला लागतं आणि शेजारच्या विहिरीला का लागत नाही, हे तिला लहानपणापासून विचारायचं होतं. बापाला विचारलं तर तो म्हणे, पाण्याला विचार. त्या तुकडीच्या पुस्तकांत ते असतं असं तिने ऐकलं होतं. तुकडीत घेण्याआधी तोंडी परीक्षा होई. ती एकदा होऊन गेली होती आणि शिडी तीत पडली होती.

पडली तीही कशी. समोर दोन दगड ठेवले होते आणि परीक्षकांनी ‘कम्पेअर’ म्हटलं होतं. शिडीने पहिला दगड उचलला आणि त्याचा रंग, वजन, त्यातल्या रेघा, तो पाण्यात किती दिवस पडून असेल ते, असं सगळं इंग्रजीत न अडखळता सांगितलं. दुसऱ्या दगडाला तिने बोट लावलं नाही. वर्गाच्या बाईंनी नंतर तिला बाजूला घेतलं होतं. “बोलता येतं गं तुला,” बाई म्हणाल्या. “पण प्रश्न तुला काय करायला सांगतोय, ते तू ऐकतच नाहीस. सुट्टी संपली की पुन्हा एकदा घेऊ. त्यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही.” आणि त्यांनी तिला शब्द सांगितले. गाय, टेबल, खिडकी असले नाहीत. कम्पेअर, डिस्क्राइब, एस्टिमेट, एक्स्प्लेन, जस्टिफाय, कन्क्लूड. पुस्तकांतले आणि प्रश्नपत्रिकेतले शब्द, जे घरात कुणी कधी वापरत नाही.

बापाने ऐकून घेतलं. परीक्षा द्यायची तर खुशाल दे, म्हणाला, पण दोर सोडून नाही. दोराला दुसरं माणूस नव्हतं, हे शिडीलाही दिसत होतं. 

हंगामातलं पहिलं मोठं काम गुरुजींच्या विहिरीचं आलं. गुरुजी शाळेत इंग्रजी शिकवत असत, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. बापही काही काळ त्यांच्या वर्गात बसला होता, बहुतेक खिडकीबाहेर बघत. गुरुजी एकटे राहत. घरात पुस्तकं इतकी, की पाहुण्याला खुर्ची द्यायची तर आधी खुर्चीवरची पुस्तकं कुठे ठेवायची हा प्रश्न पडे, आणि त्या विचारात पाहुणा उभ्यानेच जाई. माणूस भिडस्त. गाळ काढायला या, हे सांगायलासुद्धा ते दोनदा येऊन दारावरूनच परत गेले होते.

पहिल्या दिवशी उतरण्याआधी बापाने शिडीला कठड्यापाशी उभं केलं आणि धंद्याचा नियम पुन्हा एकदा सांगितला. तो तिला पाठ होता, पण दोर हातात घेणाऱ्याला तो नव्याने सांगायचा अशी रीत होती. खालून हुकूम आला, की वरच्याने तो आपल्या शब्दांत परत म्हणायचा. ती पोच. पोच बरोबर असली की खालचा ‘हो’ म्हणणार. आणि ‘हो’ कानावर पडल्याशिवाय दोर बोटभरही हलवायचा नाही. विहिरीत आवाज घुमतो, ‘ओढ’चं ‘सोड’ होतं, म्हणून ही रीत. आजोबांच्या काळात कुणीतरी पोच न देता दोर सोडला होता. तेव्हापासून आजोबांचा डावा कान अर्धाच होता, आणि घरातल्या पोरांना नियम शिकवायला तो पुरे पडत असे.

तर काम सुरू झालं. शिडीच्या तळव्यांना आधी फोड आले, मग ते फुटले. आईने जुन्या साडीच्या चिंध्या फाडून तिच्या हातांना गुंडाळल्या. उन्हाने दोरसुद्धा तापत असे. बादली वर येताना खांद्यापासून टाचेपर्यंत एकच कळ जाई आणि बादली उलटी झाली की ती जागच्या जागी विरघळे. काका कठड्यावर बसून खाली नजर ठेवी आणि मोकळ्या तोंडाने सगळ्यांना सूचना करी. आईने त्याला एकदा सांगितलं, की खांद्याऐवजी जबडा निखळला असता तर काम लवकर उरकलं असतं.

बादली खाली असताना जो काय वेळ मिळे त्यात शिडी शब्द घोकत होती. कोळशाने तिने ते कठड्याच्या दगडावर लिहून ठेवले होते, शेजारी त्यांचे अर्थ. एस्टिमेट म्हणजे अंदाज. कम्पेअर म्हणजे तुलना. दोर धरून तेच ते पुटपुटत असे. गुरुजी चहा घेऊन येत, कप कठड्यावर ठेवत, अक्षरांकडे बघत, काहीतरी बोलायला तोंड उघडत आणि आत जात. असं बरेचदा झालं. शेवटी काकाच म्हणाला, “गुरुजी, दगडावर चुकीचं लिहिलंय का पोरीने? सांगा की. दगडाला राग नाही यायचा.”

गुरुजी गोरेमोरे झाले. चुकीचं नाही, म्हणाले. पण, आणि आपलंच काही चुकत असेल, आता शिकवण्याची पद्धत पुष्कळ बदलली असेल, पण हे शब्द असे नावांसारखे पाठ करू नयेत असं त्यांना वाटत होतं. ही नावं नाहीत. हे हुकूम आहेत. कम्पेअर म्हटलं की माणसाने काहीतरी करायचं असतं. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायच्या, सारखं काय ते बघायचं, वेगळं काय ते बघायचं. एवढं बोलून ते थांबले आणि कपाकडे बघू लागले.

“म्हणजे ओढ, सोड, थांब, तसे,” शिडी म्हणाली.

“तसेच,” गुरुजी म्हणाले. आणि त्या दिवसापासून त्यांची खुर्ची कठड्यापाशी आली.

ते बसून हळू आवाजात शब्द सांगत. हुकूम देताना त्यांनाच संकोच वाटे, म्हणून प्रत्येक शब्दाआधी ते ‘जमलं तर’ म्हणत. जमलं तर, या दोन बादल्या कम्पेअर कर. जमलं तर, ढिगाची उंची एस्टिमेट कर. शिडी दोर ओढता ओढता इंग्रजीत उत्तर देई, गुरुजी कुठे एखादा शब्द सरळ करत, आणि काका मधूनच म्हणे की एवढं शिकून शेवटी गाळ तो गाळच.

मग एका दुपारी ते झालं. आई ढिगापाशी होती. रिकामी बादली खाली सोडायचं काम एकट्या शिडीकडे. बापाने तळातून ‘थांब’ म्हटलं, कारण पहार दगडात अडकली होती आणि तो वाकून ती सोडवत होता. शिडीच्या कानावर तो आवाज पडला, पण तोंडात ‘जस्टिफाय’ घोळत होतं आणि हात दोर सोडतच राहिले. पोच दिली नाही. बादली सरळ बापाच्या पाठीवर गेली.

विहिरीतून काहीच आवाज आला नाही. काका कठड्यावरून एवढा वाकला, की आईने त्याला मागून सदऱ्याला धरलं. मग खालून बापाचा आवाज आला, नेहमीसारखा. “वर घे मला.” शिडीने पोच दिली. खालून ‘हो’ आला. दोघींनी त्याला वर घेतलं. पाठीवर बादलीच्या काठाची लाल कमान उमटली होती आणि तिच्यावरून चिखल ओघळत होता. बाप कठड्यावर बसला, पाणी प्यायला, कुणाकडे बघितलं नाही. शिडीकडे न बघणं त्याला अवघड जात होतं, हे आईला दिसलं. गुरुजी उठले, खुर्ची उचलली आणि आत गेले. दार लागल्याचा आवाज आला.

संध्याकाळी आई तव्यावर फडकं तापवून बापाची पाठ शेकत होती. शेकता शेकता तिने सांगून टाकलं, की बास झाले ते शब्द. दोरावर असताना एक अक्षर नको. शाळा शाळेच्या जागी. काकानेही मान हलवली.  शिडी भांडी घासत होती. राखेने तळहात झोंबत होते, पण तिने हात काढले नाहीत.

सकाळी ती विहिरीवर आधी पोचली आणि ओल्या चिंधीने दगडावरची अक्षरं पुसायला लागली. बाप मागून आला. चिंधी तिच्या हातातून घेऊन त्याने ती तिच्याच तळव्याला गुंडाळली, गाठ मारली.

“शब्दांनी नाही बादली पडली,” तो म्हणाला. “पोच राहिली म्हणून पडली. काल तू दोन ठिकाणी होतीस. आता दोन्ही एका ठिकाणी आणू.” मग त्याने बंद दाराकडे बघून आवाज दिला. गुरुजी, खुर्चीवाचून कठडा ओकाबोका दिसतोय.

दार बऱ्याच वेळाने उघडलं. गुरुजी दारातच उभे राहून म्हणाले, की दोष आपला आहे, आपण कामात बोलायलाच नको होतं. बाप म्हणाला, असेल. पण आता मला ते शब्द सांगा, कोणता म्हणजे काय करायचं. मी खालून देतो. खालून आलेला हुकूम तिने ऐकला नाही असं पुन्हा व्हायचं नाही.

आणि बाप, जो वर्गात खिडकीबाहेर बघत असे, कठड्यावर बसून शब्द शिकला. त्याला वेळ लागला. गुरुजींनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याने पोच दिली आणि गुरुजींकडे बघत राहिला. गुरुजींना कळेना. “हो म्हणा,” काकाने त्यांना समजावलं. “तुम्ही हो म्हणेपर्यंत तो तिथून उठायचा नाही.” गुरुजी हो म्हणाले. तेव्हा कुठे बाप विहिरीत उतरला.

त्यानंतरचे दिवस या घरात पुष्कळ काळ आठवले गेले. बादली भरली की दोर हलण्याआधी तळातून घुमत हुकूम येई. कालचा गाळ नि आजचा गाळ, कम्पेअर. वर शिडी तोच हुकूम आपल्या शब्दांत परत म्हणे: दोन्ही जोडीला ठेवते, सारखं काय ते सांगते, वेगळं काय ते सांगते. खालून ‘हो’ येई. मग दोर ओढता ओढता ती इंग्रजीत सांगे, की कालचा काळा आणि चिकट होता, आजच्यात वाळू आहे, वास दोन्हींना आहे. बापाला उत्तर समजत नसे. पण पोच बरोबर आहे की नाही ते समजे, आणि नसली तर ‘हो’ येत नसे. एकदा ‘एक्स्प्लेन’ म्हटल्यावर तिने ‘कसं आहे ते सांगते’ अशी पोच दिली आणि खाली बराच वेळ शांतता राहिली. मग तिलाच उमगलं. “का झालं ते सांगते,” ती म्हणाली. “हो,” विहीर म्हणाली.

आईनेही एक शब्द उचलला. जेवायला बसल्यावर शिडीने पुन्हा वाढ म्हटलं, की आई हातातला डाव तसाच धरून ‘जस्टिफाय’ म्हणे. काकाने तो शब्द आपल्यावर चालवू द्यायला साफ नकार दिला. माझा खांदाच माझा पुरावा, म्हणाला.

गाळ संपत आला आणि एका सकाळी बापाच्या पहारीखाली दगडाच्या फटीतून पाणी आलं. आधी घाम आल्यासारखं, मग बोटाएवढी धार. त्याने हाक मारली नाही. ओंजळ भरून तोंडावर मारली आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिला. वर सगळ्यांना कळलं होतं, कारण तळातून शीळ येत होती.

सुट्टी संपली. परीक्षेच्या दिवशी बाप शिडीबरोबर गेला. धुतलेला सदरा घातला होता, पण नखांतला गाळ निघाला नव्हता, म्हणून मुठी मिटून तो वर्गाबाहेरच्या ओट्यावर, खिडकीखाली बसला. आईवडिलांनी आत यायचं नाही असं शिपायाने दोनदा सांगितलं होतं, तरी येणारा जाणारा प्रत्येक जण त्याला तेच सांगून जात होता.

परीक्षक बाहेरचे होते. वयस्क, नीटनेटके, घाईत. त्यांनी शिडीसमोर भाजक्या मातीच्या दोन रिकाम्या बाटल्या ठेवल्या आणि म्हणाले, कम्पेअर. शिडी ताठ उभी राहिली आणि विहिरीवरच्या आवाजात, एकेक शब्द लांबवत, इंग्रजीत म्हणाली, की मी या दोन बाटल्या शेजारी ठेवणार, सारखं काय ते सांगणार, वेगळं काय ते सांगणार. बाहेर रांगेत उभी असलेली मुलं हसली. शिडी थांबली.

परीक्षकही थांबले. तिला पुढे बोलायचं असेल म्हणून त्यांनी वाट बघितली. ती त्यांच्याकडे बघत होती, ते तिच्याकडे. मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं, कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढचा प्रश्न घेतला. एस्टिमेट, यातल्या एका बाटलीत किती पाणी मावेल. शिडी म्हणाली, मी मोजणार नाही, बघून जवळचा आकडा सांगणार, आणि तो कशावरून काढला तेही सांगणार. आणि पुन्हा थांबली. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. परीक्षक पेनाला टोपण लावू लागले.

खिडकीखाली बापाला इंग्रजी कळलं नाही. पण आवाज कळला. ती पोच होती, पुरी आणि बरोबर. आणि तिच्यानंतरची शांतताही त्याला कळली. पोर दोर धरून उभी आहे. भरली बादली मध्येच लटकते आहे, आणि खालून कुणी काही बोलत नाही.

“हो,” बाप म्हणाला.

विहिरीच्या तळातून वर पोचायची सवय असलेला आवाज होता. तो वर्गात, ओट्यावर, थेट फाटकापर्यंत गेला. आणि त्याच क्षणी आत शिडी बोलायला लागली होती. पाण्याचा अंदाज, तो कशावरून, बाटलीची मान अरुंद आहे म्हणून किती वजा, न थांबता.

परीक्षकांनी हात वर करून तिला थांबवलं आणि बाहेर आले. बाप उठून उभा राहिला, मुठी मिटलेल्याच. तुम्ही तिला उत्तर सांगितलं का, त्यांनी विचारलं. बापाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रांगेतली मुलं बघत होती, शिपाई बघत होता. मला त्यातलं काही येत नाही साहेब, तो म्हणाला.

“मग हो कशाला म्हणालात?”

“ती थांबली होती म्हणून. आमच्यात हो म्हटल्याशिवाय काही हलवत नाहीत.” आणि मग त्याला सांगावंच लागलं, विहीर, दोर, पोच, सगळं. सांगताना मुठी उघडल्या आणि तो हातांनी दाखवू लागला, बादली कुठे असते, माणूस कुठे असतो. आजोबांच्या कानाचंही सांगितलं.

परीक्षकांनी पूर्ण ऐकून घेतलं. हसले नाहीत. बाईंशी हळू आवाजात दोन शब्द बोलले. मग त्यांनी बापाला अंगणाच्या पार टोकाला, झाडाखाली जाऊन बसायला सांगितलं, आणि तिथूनही काही म्हणू नका असं बजावलं. आत गेले, खुर्चीत बसले, बाटल्या पुन्हा समोर सरकवल्या. पहिल्यापासून घेऊ या, म्हणाले. कम्पेअर. शिडीने पोच दिली. परीक्षकांनी जरा घसा साफ केला आणि, या वर्गात पूर्वी कधी म्हटलं नसावं अशा काळजीने, म्हणाले, “हो.”

झाडाखाली बापाला शब्द ऐकू येत नव्हते. आवाज तेवढा येत होता. चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. दोर कप्पीवरून जावा तसा, कुठेही न अडकता. पुष्कळ वेळाने बाई पायऱ्यांवर आल्या, त्यांनी लांबूनच त्याच्याकडे बघून मान हलवली. वर खाली, स्पष्ट. बापाने तिथूनच, कुणी सांगितलं नव्हतं तरी, हात जोडले.

परतताना शिडी घरी न जाता गुरुजींकडे वळली. बाप रस्त्यावरच थांबला. सदरा मळेल, म्हणाला, तू जा. गुरुजी सकाळपासून विहिरीवर बसले होते. शाळेत ते आले नव्हते. आपण शिकवलेलं जुनं असेल, उच्चारही चुकले असतील, पोरीचं नुकसान होईल, असं त्यांना दिवसभर वाटत होतं, आणि विहिरीत वाकून बघण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं. पाणी कमरेइतकं चढलं होतं. कठड्यावरची अक्षरं अर्धी पुसलेली, तशीच होती.

शिडी समोर उभी राहिली. गुरुजींनी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. काय झालं, असं विचारायला त्यांची जीभ वळेना. मग दगडावरच्या एका अक्षराकडे बघत ते म्हणाले, “जमलं तर. डिस्क्राइब.”

“काय काय झालं ते, मनचं न घालता, पहिल्यापासून जसंच्या तसं सांगते,” शिडी म्हणाली. आणि थांबली.

गुरुजींना ठाऊक होतं ती कशाला थांबलीय. एकदा म्हटलं की सगळं हलणार होतं, जे काही असेल ते वर येणार होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खाली झरा वाजत होता. शिडी वाट बघत होती. तिला घाई नव्हती.

“हो,” गुरुजी म्हणाले.